आईच्या पट्टीवरचं निळं बटण

निळं, चार भोकांचं, कडेचा टवका उडालेलं... अंगठा त्या बटणापाशी आला आणि आकडा निसटला. दहा की अकरा? उभा जन्म शिवणकामात गेला, लोकांची हजारो बटणं लावली, आणि आईच्या पट्टीवरची सतरा मोजता येऊ नयेत? कमाल झाली! तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आईची ही रीतच होती. देवानं एखाद्या संकटातून बाहेर काढलं की त्या वेळच्या कपड्याचं एक बटण काढून ती या जाड पांढऱ्या पट्टीवर शिवायची. वडिलांची सुटलेली नोकरी परत लागली, तेव्हा त्यांच्या कोटाचं तपकिरी. धाकट्या मावशीच्या बाळंतपणात मायलेक दोघंही वाचली, तेव्हा झबल्याचं शिंपल्याचं. रविवारी उपासनेहून आल्यावर पट्टी मांडीवर घेऊन ती एकेकावर बोट ठेवत सांगायची, आणि आम्ही पोरं भुकेनं कासावीस — "आई, आज सगळी नको गं, मोठमोठीच सांग!" ती हसायची, पण एकही गाळायची नाही. विसराळू माणसाला देव दर वेळी नवखाच वाटतो, म्हणायची. काय दिवस होते ते... भातासारखा गरम, मऊ असा तिचा आवाज.

आतल्या खोलीत नवरा कपाट उघडत होता. चार वाजता डॉक्टरांकडे जायचं होतं. त्याच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासून आला होता, आणि गाठ साधी की कॅन्सरची ते आज कळणार होतं. आठवडाभर ती त्याला ठासून सांगत होती, "काही निघत नाही बघा. देव आहे ना!" आणि एकटी असली की देवाशी हुज्जत — सतरा वेळा निभावलंस, मग अठराव्यांदा तुला काय जड आहे? आजही पट्टी काढली होती ती त्यासाठीच. पुरावा हातात असावा.

निळं बटण भावाचं. टायफॉइडमधून तो उठला त्याचं, असं सगळं घर समजत होतं. त्याच्यावर बोट आलं की आई फक्त "इथंही तो होता" म्हणायची आणि पुढं सरकायची. मग दोन वर्षांनी दुसऱ्याच दुखण्यानं भाऊ गेला, तेराव्या वर्षी. ते बटण मात्र...

तिनं सहज पट्टी उलटली. निळ्या बटणाच्या मागं शर्टाचा इवलासा तुकडा तसाच होता, आणि त्यात हिरव्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके.

तिनं त्यांच्यावरून बोट फिरवलं. ते टाके माझे. मी नऊ वर्षांची होते. त्याला शेवटचं इस्पितळात नेलं त्या सकाळी निळा दोरा सापडेना, म्हणून मी हिरव्यानं बटण लावलं, आणि तेवढ्या तापातही तो म्हणाला, "शिंपीणबाई, दुकान बंद करा!" त्यानंतर तो घरी आला नाही. फक्त शर्ट आला.

म्हणजे आईनं हे तो गेल्यावर शिवलं. मुद्दाम, कापडासकट कापून, बाकीच्यांच्या ओळीत... आई, कसा गं हात धजला तुझा? कुठून बाहेर काढलं होतं गं तुला देवानं तेव्हा? आणि आम्हाला चकार शब्द नाही! तिला आईचा राग आला, लहानपणी यायचा तसा, पाय आपटावेत असा. आणि लगेच तिची इतकी आठवण आली की समोरची मशीन दिसेनाशी झाली.

"निघायचं ना?" नवरा दारात उभा होता. "रिपोर्टला उगाच ताटकळत ठेवायला नको."

"अहो," ती म्हणाली, "मला फार भीती वाटतेय."

एरवी त्याची जीभ थट्टेला कायम तयार. या वेळी तो येऊन शेजारी बसला.

"मलाही," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. पण तू इतकी खात्रीनं बोलायचीस... मला बोलताच येईना."

आठवडाभर हा एकटाच होता तर, याच घरात, माझ्या कुशीला... तिनं त्याचा हात धरला. काहीतरी मागावं म्हणून तिनं डोळे मिटले, पण आठवले ते आईचेच शब्द, "इथंही तो होता." चार वाजून गेले. कुणीच उठलं नाही. आणि कितीतरी दिवसांनी तिला देवाला काहीच पटवून द्यावंसं वाटत नव्हतं.