मागच्या पंखावरची दुहेरी टीप

गुडघ्याचं ऑपरेशन ऐन उन्हाळ्यात निघालं आणि नणंदेच्या तोंडचं पाणी पळालं. तीस वर्षं तिनं डोंगरातल्या फुलपाखरांपायी घालवली होती. संग्रहालयातलं एक तपकिरी फुलपाखरू सगळे साध्या जातीचं समजत. हिला ते दुर्मिळ जातीचं वाटे, पण जिवंत पाहिल्याशिवाय खात्री कशी द्यायची? ते खिंडीखालच्या दगडी उतारावर जेमतेम तीन आठवडे उडायचं. म्हणून ऑपरेशन होताच डॉक्टरांचं न ऐकता ती पायथ्याशी खोली घेऊन राहिली होती, पाय उशीवर ठेवून.

सोबतीला वहिनी आली होती. ती शिवणकाम करायची. भाऊ गेल्यापासून दोघींचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं.

"मी जाते वर," एका सकाळी वहिनी म्हणाली. "चुकलेला टाका मला दहा हातांवरून दिसतो, वन्सं."

नणंदेनं तिला पढवलं: पकडायचं नाही, पंख मिटून बसलं की खालची बाजू बघायची, आणि मादी अंडी कुठं घालते ते पाहायचं. दोन दिवस ढगांनी वहिनीला हात हलवत परत पाठवलं. नणंद म्हणाली, राहू दे, पाय मोडून घेशील. वहिनीनं मनावर घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. दुपारी वहिनी उतरली तेव्हा नाक उन्हानं लाल झालेलं, पण चेहरा फुललेला. मोबाइलवरचा फोटो हलला होता. तिनं कागद ओढून मागच्या पंखाचं चित्र काढलं.

"एकेरी नाही, ठिपक्यांची दुहेरी टीप आहे. आतली मध्येच उसवलेली. आणि अंडं गवतावर नाही घातलं, शेजारच्या तापलेल्या दगडावर घातलं."

नणंदेनं संग्रहालयातल्या फुलपाखराचा फोटो भिंगाखाली धरला. आतली ओळ तिथंच तुटलेली होती; म्हणजे तो त्या एकाच फुलपाखरातला दोष नव्हता, जातच वेगळी होती. इतकी वर्षं ती अंड्यांसाठी गवताचं पातं न् पातं उलटून बघत आली होती. तिला हसूही आलं आणि डोळेही भरले.

नोंदवहीत 'कोणी पाहिलं' या रकान्यात तिनं वहिनीचं नाव लिहिलं. तुमचंच लिहा, म्हणून वहिनी संकोचली.

"तू पाहिलंस ना?" नणंद म्हणाली. मग हळूच, "दादाला किती आनंद झाला असता गं."

 वहिनी पलंगाच्या कडेला टेकली आणि भाऊ शेवटच्या दिवसांत काय काय बोलायचा ते तिनं पहिल्यांदाच सांगायला घेतलं.