पलीकडून बंद

सोमवार, दोन मार्च, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. विषबाधा सल्ला केंद्राकडे गेल्या दहा दिवसांतली सातवी तक्रार आली, आणि तीही आधीच्या सहांसारखीच होती: बोलता बोलता तुमच्या बाईंनी मध्येच फोन ठेवला.

"मी? फोन ठेवला?" वहिनींचा पारा चढला. "भावोजी, बावीस वर्षांत मी आधी रिसीव्हर ठेवलेला नाही. तुमच्या यंत्रांनाच काहीतरी झालंय."

केंद्राची टेलिफोन यंत्रणा सांभाळणारे भावोजी हे फोनवर सल्ला देणाऱ्या वहिनींचे सख्खे धाकटे दीर. दोघांच्या हाका ऐकून ऐकून सारे कार्यालय एकाला भावोजी आणि दुसरीला वहिनी म्हणू लागले होते.

"लाइन मी कालच तपासली, वहिनी. दहा कॉल लावले. दहाही स्वच्छ."

"तुम्ही लावले ना? 'हॅलो, ऐकू येतंय? बरं, ठेवतो.' तुमच्या घराण्यात फोनवर तिसरं वाक्य कुणी बोललंय का? तुमचे बंधुराज तर लग्न ठरल्यावर फोनवर नुसते खाकरायचे."

भावोजी हसले, पण ते शब्द डोक्यात घेऊनच यंत्रांच्या खोलीत गेले. तपासणीचे सगळे कॉल खरोखरच मिनिटभराच्या आत संपलेले होते. नोंदींत काही सापडेल अशी आशा त्यांनी केव्हाच सोडली होती. तुटलेल्या प्रत्येक कॉलपुढे यंत्राने 'पलीकडून बंद' असेच लिहिलेले असे, आणि ते पाहून लोकच घाबरून फोन ठेवतात असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. पण या केंद्रात प्रत्येकच कॉल पलीकडून बंद होई. सल्लागाराने आधी रिसीव्हर ठेवायचा नाही, हा नियम भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेला होता. मग तुटलेला कॉल आणि संपलेला कॉल वेगळा ओळखायचा कशावरून?

त्यांनी गेल्या दहा दिवसांतले सर्व कॉल लांबीनुसार लावले. दोन मिनिटांचे, चार मिनिटांचे, नऊ मिनिटांचे, पुढे तुरळक. आणि मग एकाखाली एक, मुंग्यांच्या रांगेसारखे, पंधरा मिनिटांचे. सेकंदाचाही फरक नाही. पंधराच्या पुढे एकही कॉल नव्हता.

घाबरलेली माणसे घड्याळ लावून फोन ठेवत नाहीत.

कारण कळायला मग वेळ लागला नाही. दर पंधरा मिनिटांनी टेलिफोन कंपनीचे यंत्र केंद्राच्या यंत्राला विचारते, अजून आहात ना? केंद्राचे यंत्र इमानेइतबारे होकार देते. पण दहा दिवसांपूर्वी मधल्या तारेवर सुरक्षेसाठी नवी पेटी बसवली होती, आणि ती पेटी हा होकार गिळून टाकत होती. उत्तर आले नाही की कंपनीचे यंत्र समजे, माणूस गेला. आणि लाइन कापून टाके. पेटीतली एक कळ बदलली की काम होणार होते. फक्त त्यासाठी पेटी बंद करून चालू करावी लागली असती, आणि चालू असलेला प्रत्येक कॉल तुटला असता.

त्यांनी काचेतून पाहिले. वहिनी फोनवर होत्या. समोरच्या पडद्यावर आकडा होता: बारा मिनिटे दहा सेकंद.

ते धावत बाहेर आले. वहिनींचा आवाज नेहमीसारखा संथ होता, पण चेहरा उतरला होता.

"कुशीवरच ठेवा. छातीकडे बघा आणि श्वास मोजा. मिनिटाला किती?... चौदा. मघाशी अठरा होते ना? बरं. पाजू काही नका."

चार वर्षांच्या मुलीने आजीच्या झोपेच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. या वयात मिनिटाला वीस-बावीस तरी श्वास हवेत. फोनवर तिचा बाप होता. रुग्णवाहिका निघाली होती, पण तिला अजून पाव तास तरी लागणार होता.

भावोजींनी कागदावर लिहिले: पंधराव्या मिनिटाला हा कॉल तुटणार. आत्ताच ठेवा, नवा लावा.

वहिनींनी वाचले, नकारार्थी मान हलवली आणि बोटाने भिंतीवरचा नियम दाखवला.

भावोजींनी रिसीव्हरच्या बोलण्याच्या तोंडावर हात ठेवला आणि ते दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, तो तुटणारच आहे. न सांगता तुटला तर त्याला वाटेल तुम्ही गेलात. पोरीला उचलून रस्त्यावर पळेल तो. मग गाडीला सापडेल कुठे? सांगून फोन ठेवलात तर थांबेल."

तेरा मिनिटे पन्नास. वहिनींनी त्यांचा हात बाजूला केला.

"ऐका, दादा. मी आता फोन ठेवते आहे. लगेच परत लावते. तुम्ही लावू नका, नुसता वाजला की उचला. जागेवरून हलायचं नाही. तुमचा नंबर सांगा."

नंबर लिहून घेऊन त्यांनी रिसीव्हर ठेवला. शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघतच राहिली.

नवा कॉल लावला. व्यग्र. घाबरून तोही इकडेच फिरवत असणार. वहिनींनी पुन्हा लावला. पुन्हा व्यग्र.

"थांबा जरा," भावोजी म्हणाले. "दोघंही लावत राहिलात तर कुणालाच लागणार नाही."

"तो थांबला नाही तर?"

वहिनींनी दहापर्यंत मोजले. हाताखालची कागदाची कड त्यांनी चुरगाळून टाकली होती. तिसऱ्यांदा लावला. घंटा वाजू लागली. एक, दोन, पाच, सात.

"हॅलो!" बाईचा आवाज होता. "मी तिची आई. हे मोजताहेत, हे मोजताहेत..."

"किती आहेत?"

पलीकडे कुणीतरी काहीतरी म्हणाले.

"आठ."

"तिला उताणं करा. हनुवटी वर. नाक दाबा, तोंडाने हवा द्या. मी मोजते, तुम्ही द्या."

भावोजी मागे उभे राहून नव्या कॉलची मिनिटे बघत होते. वहिनी एकेक आकडा उच्चारत होत्या, आणि दोन आकड्यांच्या मध्ये पलीकडून काहीच ऐकू येत नव्हते. दहाव्या मिनिटाला दार आपटल्याचा आवाज आला, मग अनोळखी पुरुषांचे आवाज, आणि फोन पलीकडून बंद झाला.

या वेळी तो कुणी बंद केला हे कुणालाच माहीत नव्हते. भावोजींनी केंद्रात चालू असलेले उरलेले दोन कॉल संपू दिले आणि कळ बदलण्यासाठी पेटी बंद केली.

दुपारी तीन वाजता रुग्णालयातून निरोप आला. श्वास, मिनिटाला बावीस.