सात मुठी भात

दुसऱ्या महायुद्धाचं चौथं वर्ष होतं. तळोद्याकडच्या सपाटीवर सरकारी माणसं घरोघरचं धान्य मोजत फिरत होती आणि ती डोंगरात कधी चढतील याचाच साबरपाड्यातले लोक अंदाज बांधत होते. त्यामुळे मार्गशीर्षातल्या एका सकाळी खांद्याला कापडी पिशव्या अडकवलेला माणूस घाट चढून येताना दिसला, तशी बायकांनी आधी खळ्यावरचा भात पेंढ्याखाली झाकला.

माणसाचं नाव चुनीलाल. तळोद्याच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा, शेतकी खात्यात नोकरीला होता. तो अहिराणीत बोलायचा आणि पाड्यातल्या भिलांना ती बाजारापुरती समजायची.

"माले फक्त बी पाहिजे," तो म्हणाला. "जितल्या जातीना भात, तितल्या मुठी. सरकार नवा भात तयार करी ऱ्हायनं. त्याले जुना भात लागस."

सगळ्यांनी कालीबाईकडे पाहिलं. पाड्याचं बियाणं तिच्याकडे असायचं. नवरा गेल्यापासून पंधरा वर्षं ती सात जातींचा भात शेणाने लिंपलेल्या सात कणग्यांमध्ये राखेत ठेवत आली होती. पेरणीला जो तो तिच्याकडून बी न्यायचा आणि सुगीला परत आणून द्यायचा. तिचा हात चांगला, असं सगळे म्हणायचे.

"उद्या ये," कालीबाई म्हणाली. "काढून ठेवते."

चुनीलाल खालच्या पाड्यात मुक्कामाला गेला. गोवाल, तिचा धाकटा दीर, पाड्याचा कारभारी होता. तो पाय आपटत तिच्या अंगणात आला.

"भाभी, सात मुठी देशील तर सात शेतं दाखवल्यासारखं होईल. आज बी नेतील, उद्या भात न्यायला येतील."

"नाही म्हटलं तर उद्या शिपाई घेऊन येईल."

"मग?"

कालीबाईने चुलीवर पाणी ठेवलं, सात मुठी भात एकेक करून उकळत्या पाण्यातून काढला आणि दिवसभर उन्हात वाळवला. संध्याकाळी दाणा हातात घेतला तर जसाच्या तसा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी चुनीलालने एकेका पिशवीवर चिठ्ठी बांधली. कुठला भात किती दिवसांत येतो, कुठल्या जमिनीत टिकतो, असं तो विचारत गेला. कालीबाईने साठ दिवसांच्या भाताला चार महिने सांगितले. लाल साळीला पाणथळ लागतं म्हणाली, ती येत होती खडकाळ उतारावर. तो सगळं वहीत लिहून घेत होता. मध्येच त्याने एक दाणा सोलला, दाताखाली धरला आणि क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग पिशवीचं तोंड आवळलं. जाताना सरकारी बियाण्याची थैली ठेवून गेला.

ती थैली आधी कोंबड्यांपुढे रिकामी केली गेली. कोंबड्यांना काही झालं नाही. तरीही उरलेलं बी कुणी पेरलं नाही.

चैत्रात दुपारी वारा सुटला. शेजारच्या रानातला वणवा उडत आला आणि कालीबाईचं घर पेटलं. माणसं पाण्याचे हंडे घेऊन धावेपर्यंत छप्पर खाली बसलं होतं. कणग्या आतच राहिल्या. साठ दिवसांच्या भाताचं थोडं बी गोवालच्या घरात होतं, तेवढं वाचलं. बाकीच्या सहा जातींचा दाणा पाड्यात कुणाकडेच नव्हता.

कालीबाई दोन दिवस राखेत बोटं फिरवत बसली. तिसऱ्या दिवशी, चुनीलालकडे दुसऱ्या पाड्यांतलं तरी बी असेल या आशेने, गोवालला घेऊन ती तळोद्याला उतरली.

गावाबाहेर बियाण्यांचा सरकारी मळा होता. चुनीलाल तिथे झारीने रोपांना पाणी घालत होता. त्याने त्यांना ओळखलं, पण बसा म्हणाला नाही. आत जाऊन सात ताटल्या आणल्या. प्रत्येकीत ओल्या फडक्यावर दाणे होते, कुजून काळे पडलेले.

"एक बी दाणा उगना नही, माय."

कालीबाईने मान खाली घातली नाही. "मीच उकडले होते."

"माले तवाच समजनं."

तिने घर जळाल्याचं सांगितलं. चुनीलालने झारी खाली ठेवली. सरकारी बी हवं तेवढं देतो म्हणाला. मग स्वतःच थांबून म्हणाला, की त्याला बांध घातलेलं शेत आणि उभं पाणी लागतं, तुमच्या उतारावर ते तग धरणार नाही. शेवटी आतल्या कपाटातून त्याने कागदाच्या तीन पुड्या काढल्या.

कालीबाईने पहिली उघडली. लाल साळ. दुसऱ्या पुडीत काळ्या कुसळाचा भात होता, तिसऱ्या पुडीतला बारीक, वासाचा.

"खरं सांग, हाई कोठेन आनं?" तिने त्याच्याच अहिराणीत विचारलं.

"उतरताना तुमना वावरमा कापाना ऱ्हायेल लोंब्या व्हत्यात. तोडी लिध्यात."

"चोरल्यास," गोवाल म्हणाला.

"हो," चुनीलाल म्हणाला. "तुम्हीन माले मरेल बी दिधं व्हतं."

गोवाल पुढे सरकला. कालीबाईने हात आडवा धरला. तिला त्या माणसाचा राग आला होता आणि त्या पुड्या सोडवतही नव्हत्या.

अर्धं बी देतो, पण या वेळी खरी माहिती सांगा, असं चुनीलाल म्हणाला. कालीबाई म्हणाली, "आधी वाच, मागं काय लिहिलंस ते."

त्याने वही उघडली. चार महिने, पाणथळ, तिने सांगितलेलं सगळं खोटं तो सरळ आवाजात वाचत गेला. मग अडखळला.

"पुढचं वाच."

"पाड्यात अंदाजे चाळीस बिघे भात. घरं एकवीस."

"हे मी सांगितलं नव्हतं."

"साहेबनी इचारं व्हतं."

"आणि साहेब कुणाला सांगणार?"

"ते माले माहीत नही, माय." पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली गेला. त्याने ते पान फाडून तिच्या हातात दिलं. तिने ते पदरात बांधलं आणि मगच तीन भातांची खरी हकीकत सांगितली, दिवस, जमीन, सगळं.

"ते आकडे दुसऱ्या कागदावरही लिहून ठेवले असतील त्याने," परतीच्या वाटेवर गोवाल म्हणत राहिला. कालीबाईलाही तसंच वाटत होतं.

त्या पावसाळ्यात तिने तीन वाफे केले, कुणाला आत पाय ठेवू दिला नाही. सुगीला प्रत्येकाचा टोपलीभर भात निघाला. त्याच महिन्यात मोजणीवाले डोंगर चढून आले आणि घरटी धान्य घेऊन गेले. ते चुनीलालच्या वहीमुळे आले की एरवीही आलेच असते, हे कधी कुणाला कळलं नाही.

कालीबाईने तिन्ही भातांचं बी तीन घरांत वाटून ठेवलं. एक वाटा स्वतःच्या नव्याने उभारलेल्या घरात, एक गोवालकडे. तिसरं घर कुठलं ते तिने सांगितलं नाही.

"माझ्यावर पण भरवसा नाही?" गोवालने विचारलं.

"तुला विचारायला कुणी आलं, तर तुला खोटं बोलावं लागू नये," ती म्हणाली.

गोवाल दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी विळा मागायला आला. तिने विळा दिला आणि जेवून जा म्हणाली.