बुजवलेली भेग

गवंड्याची अख्खी हयात गळती बंद करण्यात गेली. गच्चीखाली चुन्याच्या पांढऱ्या शेंड्या लोंबू लागल्या की लोक त्याला बोलवायचे. तो त्या खरवडायचा, वरची भेग बुजवायचा. त्याच्या हातचं काम पुन्हा गळत नाही, ही ख्याती त्याला आवडायचीही.

म्हणून गुहेचा व्यवस्थापक म्हणाला, "पाहुण्यांच्या डोक्यावर पाणी पडतं," तेव्हा त्याने टेकडीवर चढून खडकातली भेग हुडकली आणि चोख बुजवली. खाली काय आहे हे त्या शहाण्याने सांगितलं नाही, या शहाण्याने विचारलं नाही.

गुहेत लोकांना फिरवायचं काम त्याच्या थोरल्या बहिणीचं. लेकीच्या बाळंतपणाहून ती परतली आणि भावाला दंडाला धरूनच आत घेऊन गेली. छतातून एक सुळका लोंबत होता, जमिनीतून दुसरा वर आला होता. मध्ये बोटभर फट. दोन्ही टोकं कोरडी.

"हे दोघं भेटायचे होते."

"मग भेटतील की, ताई."

"कशाच्या जोरावर? पाणी मातीत मुरताना आंबट होतं, चुनखडी विरघळवत खाली येतं. इथे थेंब लटकतो, हवा लागली की कणभर चुना मागे ठेवतो आणि पडतो. उरलेला खाली ठेवतो. हजारो वर्षं हेच चाललं होतं. तू एका दुपारीत आटोपलंस."

"म्हणजे गच्चीखालच्या शेंड्याच या."

"त्यांची खापरपणजी. तिलाही सोडलं नाहीस."

गवंड्याने दोन्ही कोरडी टोकं निरखली. मग म्हणाला, "काम पक्कं असतं माझं."

"तेच तर दुखणं आहे, बाबा."

व्यवस्थापक खूश होता. असल्यांना गुहा हवी असते. ओली, अंधारी तेवढी नको असते. गवंड्याने त्याला विचारलंच नाही. छिन्नी घेऊन वर गेला आणि स्वतःचं काम फोडलं. भेगेत भरलेला मसाला मात्र बारीक चिरांत खोल उतरला होता. तिथवर छिन्नी पोचेना.

पाऊस दोनदा येऊन गेला. बहीणभाऊ दिवा घेऊन आत उभे राहिले. बऱ्याच वेळाने थेंब पडला, पण वीतभर बाजूला, उघड्या फरशीवर. पाण्याने दुसरी वाट धरली होती.

ताईने त्या ओल्या ठिपक्याभोवती दोर बांधायला घेतला. मागून आलेला व्यवस्थापक कुरकुरला, "इथे तर काहीच नाही."

"नसू दे. पाहुण्यांना म्हणावं, लांबून चाला."

गवंड्याचं तिकडे लक्षच नव्हतं. कोरड्या सुळक्याखाली, न शिवता, तो तळहात धरून उभा होता.