पावतीला इस्त्री

“ताई, हे जरा बघता का? काहीतरी भलतंच झालंय,” असं म्हणत मामांनी माझ्या टेबलावर एक काळा कागद ठेवला.

मला आधी तो कार्बन वाटला. उलटून पाहिला तर मागची बाजू पांढरी. समोरची मात्र काळीकुट्ट. आणि कागद कसा, तर एक सुरकुती नाही, कडा अगदी ताठ.

“काय आहे हे?”

“पावती,” मामा म्हणाले. “परवान्याची.”

मी डोक्याला हात लावला.

आमची लॉन्ड्री मोठी आहे. हॉटेलांच्या, इस्पितळांच्या चादरी आणि उशांचे अभ्रे गाड्या भरभरून येतात. धुणारे, वाळवणारे, इस्त्री करणारे, बहुतेक सगळे परदेशातून आलेले. त्यांना कामावर ठेवायचं तर सरकारचा परवाना लागतो. तो खरा आहे का, त्याची मुदत शिल्लक आहे का, त्यावरचा चेहरा समोर उभ्या असलेल्या माणसाचाच आहे का, हे तपासायचं काम माझं. कामगार मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे फौजदारीण. मला दोन्ही चालतं.

मामा आमचे सर्वांत जुने इस्त्रीवाले. पूर्वी त्यांचा सख्खा भाचा इथे होता, तो हाक मारायचा म्हणून सगळेच मामा म्हणू लागले. भाचा केव्हाच दुसरीकडे गेला, हे मात्र सगळ्यांचे मामा होऊन बसले. त्यांच्या परवान्याची मुदत आदल्या दिवशी संपली होती. नवीन कार्ड यायला वेळ लागतो. तोवर परवान्याची कचेरी एक पावती देते, की अर्ज मिळाला आहे, या माणसाला काम करू द्यायला हरकत नाही. ती पावती मी डोळ्यांनी पाहायची, तिची प्रत काढायची आणि मगच माणसाने कामाला हात लावायचा, असा नियम.

मामांनी दिवसभर रांगेत उभं राहून ती पावती मिळवली होती. चार घड्या करून खिशात ठेवली आणि बसच्या गर्दीत ती चुरगळली.

“असला चोळामोळा झालेला कागद तुमच्या हातात कसा द्यायचा?” मामा म्हणाले. “म्हणून सकाळी जरा इस्त्री फिरवली. फार गरम नव्हती हो! रेशमाला ठेवतो तेवढीच ठेवली होती. वर पातळ फडकंसुद्धा घातलं होतं.”

दुकानात बिल येतं ना, तसल्या गुळगुळीत कागदाची ती पावती. त्यावर शाई नसते, यंत्र उष्णतेनेच अक्षरं उमटवतं. वरून इस्त्री फिरल्यावर सगळा कागदच अक्षर होऊन बसला होता.

“अहो, पण काळं व्हायला लागल्यावर थांबायचं ना!”

“दिसणार कसं? फडकं होतं ना वर.”

हसावं की रडावं, मला कळेना. आम्ही दोघांनी तो कागद खिडकीशी नेला, तिरका केला, उलटा धरला. मामांनी तर एकदा फुंकरही मारली. काळ्यावर काळं काय वाचणार?

मालक आला. तो माणूस वाईट नाही, पण भित्रा आहे. सरकारी शिक्का असलेलं साधं पाकीट आलं तरी ते उघडायला तो मला बोलावतो. त्याने कागद पाहिला, मामांकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, “मामा, आज इस्त्रीला हात लावायचा नाही.”

मी कचेरीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर पलीकडे एक बाई आल्या.

“पावतीचा नंबर सांगा.”

“नंबर पावतीवरच आहे, आणि पावती काळी पडलीय.”

“काळी म्हणजे?”

मी सगळं सांगितलं. बाईंनी मला पुन्हा संगीत लावून दिलं. पलीकडे हसून घेतलं असणार. परत आल्या तेव्हा आवाज मऊ होता. नुसत्या नावावरून काही देता येत नाही, माणसाने स्वतः यायला हवं, बोटांचे ठसे जुळवावे लागतात, आणि त्यासाठी गुरुवारची वेळ मिळेल. तो दिवस होता सोमवार.

त्यात मेख अशी, की परवाना नोकरीवर अवलंबून. मालकाने मामांचं नाव कमी केलं, की अर्ज आपोआप रद्द. अर्ज रद्द झाला, की मामांनी सामान बांधायचं आणि देश सोडायचा. त्यांची मुलगी तिकडे मायदेशी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचं सगळं मामांच्या इस्त्रीवर चाललं होतं.

“गुरुवारपर्यंत थांबतो,” मालक माझ्याकडे बघत म्हणाला. मामांकडे बघायचं त्याला जमत नव्हतं. “पण तोवर यांनी कामाला बोट जरी लावलं आणि कुणी पाहिलं, तर मी कुणालाच वाचवू शकणार नाही. त्यांना नाही आणि मलाही नाही.”

मंगळवारी सकाळी बघते तर मामा पहिल्या पाळीच्या वेळेला हजर! आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून दाराजवळच्या बाकावर बसलेले.

“मामा, अहो, खोलीवर आराम करायचा ना दोन दिवस.”

“खाट दिवसा रात्रपाळीवाल्याची असते, ताई. तो बिचारा झोपलेला असतो. त्याच्या उशाशी बसून काय करू?”

मग बसले बाकावर. त्यांच्या जागी वाळवणीवरचा एक माणूस इस्त्रीला लावला होता. मनाने चांगला, पण हाताला सफाई नव्हती. मामा अभ्र्याची घडी घालतात तेव्हा चारी कोपरे असे एकावर एक बसतात, की अभ्र्याला मुळात एकच कोपरा असावा असं वाटतं. याच्या घड्यांचा ढीग दुपारपर्यंत एका बाजूला कलला. मामा बघत होते. आधी हातांची घडी घातली, मग हात गुडघ्यांवर ठेवले, शेवटी मांड्यांखाली दाबून ठेवले. मधूनच हळू आवाजात त्या माणसाला सांगायचे, “शिवण आत घे रे, शिवण.” मी डोळे वटारले की गप्प बसायचे.

बुधवारी तपासणी आली. आमच्याकडे तपासणी कधी सांगून येत नाही. या वेळी आल्या त्या तपासणीसबाई वयाने लहान होत्या, बोलायला गोड, आणि कामाला एकदम चोख. एकेका माणसासमोर उभ्या राहायच्या, माझ्याकडून कागद घ्यायच्या, चेहरा न्याहाळायच्या, पुढे जायच्या. मी त्यांच्या मागे आणि मालक माझ्या मागे, घाम पुसत.

बाकाशी पोचलो आणि मी पाहिलं. कललेल्या ढिगातला एक अभ्रा घसरून खाली पडला असावा. मामांनी तो उचलला होता. नुसता उचलून ठेवला असता तर ठीक, पण त्यांचे हात! अर्धी घडी घालून झालेली होती.

“तुम्ही काय काम करता इथं?” बाईंनी विचारलं.

मालकाचा चेहरा चादरीसारखा पांढरा पडला. मी हातातले कागद चाळू लागले. दाखवणार काय? मुदत संपलेली, पावती काळी, आणि हातात आमचाच अभ्रा.

“मी कामावर नाही, मॅडम,” मामा उठून उभे राहिले. “माझी पावती मिळायचीय. उद्या वेळ दिलीय कचेरीनं. तोवर नुसता बसून असतो.”

“मग हे हातात काय?”

“खाली पडलं होतं. उचललं.”

“घडी घालत होतात ना?”

मामांनी हातातल्या अभ्र्याकडे पाहिलं. कोपरे जुळलेले होते, शिवण आत होती. त्यांनी तो झटकून मोकळा केला.

“मला कुठं येतंय यातलं,” ते म्हणाले.

आणि बाईंच्या समोर त्यांनी त्याची घडी घातली. एक कोपरा वर, एक खाली. मधला भाग फुगलेला. हनुवटीखाली धरून दुमडायला गेले तर अर्धा सुटला, तो तसाच कोंबला. पहिल्यांदाच कपडा हातात धरलेल्या माणसासारखे त्यांचे हात चाचपडत होते. तो बोळा त्यांनी बाकावर ठेवला आणि तो ठेवल्या ठेवल्या उलगडला.

बाई हसल्या. “आमच्या घरीसुद्धा हे अश्शाच घड्या घालतात,” म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

त्या गेल्यावर मालकाने मामांना मिठीच मारली. “मामा, तुम्ही तर नाटकात जायला हवं होतं!” सगळे खो खो हसले. वाळवणीवरचा माणूस सगळ्यांत जास्त. मामाही हसले थोडे. मला मात्र हसू येईना. मी बाकावरचा तो उलगडलेला अभ्रा उचलून ढिगावर ठेवला.

गुरुवारी ठसे जुळले, नवी पावती मिळाली. मामांच्या हातातून मी ती जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि आधी प्रत काढली. शुक्रवारी ते आपल्या इस्त्रीवर उभे राहिले. मालकाला भलता आनंद झाला होता. गाडीवाला आला, त्याला त्याने अभ्र्याचा किस्सा हातवारे करून सांगितला. हॉटेलचा माणूस आला, त्यालाही सांगितला. मामा मान खाली घालून इस्त्री करत राहिले.

संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळेला मी त्यांच्या बाजूने जात होते. मामांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि हळूच हाक मारली.

“ताई, एक विचारू? त्या मॅडमना खरंच वाटलं असेल का हो, की मला येत नाही?”

“वाटलं असेल, मामा,” मी म्हटलं. “वाटलं म्हणूनच तर निभावलं.”

“हो, तेही खरंच,” मामा म्हणाले. त्यांनी पुढची चादर ओढली आणि तळहाताने ती सारखी करू लागले. ती सारखीच होती, तरी बराच वेळ करत राहिले.