बुर्गीनं आन्सगारला उचललं

माझी मुलगी बुर्गी पंधराव्या वर्षी वाढायला लागली आणि थांबायचं नावच घेईना. जर्मनीतल्या आमच्या ओबर्स्टडॉर्फ गावात स्केटिंगच्या हॉलमधला बर्फ कधी वितळत नाही, तिचं सगळं बालपण तिथंच गेलं. आइस डान्समधला, म्हणजे बर्फावरच्या जोडीनाचातला, तिचा जोडीदार फाइट नावाचा मुलगा. दोघं एकमेकांचा हात धरूनच मोठी झाली होती. पण बुर्गी त्याच्याहून चार बोटं उंच झाली, तसा तो बर्लिनच्या एका बुटक्या मुलीबरोबर नाचायला निघून गेला. जाताना म्हणाला, "राग मानू नकोस गं, पण तुला उचलताना मी हमाल दिसतो."

बुर्गी घरी आली. रडली, जेवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी चीजच्या कढईखाली जाळ घालत होतो, तेव्हा सरावाला निघाली.

दोन हिवाळे ती एकटीच नाचली. तिच्या प्रशिक्षक ग्रुबरबाई म्हणाल्या, "उंच मुलगे आइस हॉकीला जातात, बुर्गी. तुला जोडीदार मिळायचा नाही. लहान मुलांना शिकव आता."

"शिकवीन की, म्हातारी झाल्यावर."

ग्रुबरबाई पासष्टीच्या. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की मान मीच खाली घातली.

मग डॉर्टमुंडहून आन्सगार आला. त्याची जोडीदारीण डॉक्टर व्हायला निघून गेली होती. नाचायचा फार सुंदर, पण उंचीला बुर्गीच्या कानापर्यंत. कठड्याशी उभा राहून त्यानं मान वर केली. "काय गं, वर हवा कशी आहे?"

"थंड. बघतोस?" म्हणत बुर्गीनं त्याला कमरेला धरून सरळ उचललं.

"अगं ए! सोड, सोड!" तो ओरडला. खाली टेकल्यावर मात्र म्हणाला, "पुन्हा कर."

ग्रुबरबाई भडकल्या. "हा नाच आहे की जत्रेतला खेळ?"

"मुलानंच उचलायचं असं नियमात आहे का, बाई?" आन्सगारनं विचारलं.

तसं नव्हतं. बाई कठडा ओलांडून बर्फावर आल्या. "मग नीट तरी उचल! पाठीतून नाही, मांड्यांतून. दुधाचे कॅन उचलणाऱ्याची पोर ना तू?"

त्या वर्षी दोघांच्या अंगावर हिरवेनिळे डाग कायमचेच होते. एकदा दोघं आपटली आणि बुर्गीचं मनगट मोडलं. माझी बायको रेझी म्हणाली, "पुरे झालं आता."

"आई, उचलताना नाही पडले मी. खाली ठेवताना पडले. तेवढंच शिकायचं राहिलंय."

पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत लोक हसले. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "बाईसाहेब पिऊन पडलेल्या नवऱ्याला उचलून नेतायत!" रेझीनं माझी बाही धरून ठेवली म्हणून मी वळलो नाही. दोघं शेवटून दुसरी आली.

पुढच्या वर्षी तीच दोघं, तीच उचल. पण आता बुर्गी गुडघे वाकवून एका लांब वळणावर घसरत होती आणि तिच्या मांडीवर उभा आन्सगार हात पसरून मागे झुकला होता. तिच्या चेहऱ्यावर ओझ्याची खूणसुद्धा नव्हती. तिनं त्याला असं अलगद खाली ठेवलं, की तो आधीपासून बर्फावरच होता असं वाटावं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. आधी टाळ्या, मग लोक उभेच राहिले. फाइटची जोडी पहिली आली, आमची दुसरी. दोन्ही जोड्या युरोपच्या स्पर्धेला निवडल्या गेल्या.

निकालानंतर फाइट आला. "मला कधी उचललं नाहीस तू."

"तू कधी म्हणालास?" बुर्गी म्हणाली. दोघंही हसली, आणि तिनं त्याला मिठी मारली.

त्यानंतर बुर्गी आणि आन्सगार कितीतरी वर्षं नाचली. दोनदा राष्ट्रीय विजेती झाली, जगात एकदा नववीही आली. बुर्गीनं शिकवायला सुरुवात केली ती गुडघे कुरकुरायला लागल्यावरच.

पण मला आठवते ती युरोपमधली पहिली स्पर्धा. माझ्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसले होते. मी त्यांना कोपरानं ढोसलं. "ती माझी मुलगी!"

"कुठली?"

"अहो, जिनं उचललंय ती!"