बारा वाजताची लाईन

"क्लॅम्प सापडला का, काका?" ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसणाऱ्या रोहिणीनं विचारलं.

"सापडला." सूर्यभाननं कपाटातून विहिरीवरच्या पाइपाचा लोखंडी क्लॅम्प काढून पिशवीत टाकला.

"गोपाळदादा विहिरीत उतरलाय म्हणं. मोटार बंद करून आलाव न्हवं?"

"आत्ता लाईनच कुठं हाय? बाराला येती."

"आन् आली म्हंजे?"

सूर्यभान दारातच थांबला.

अठ्ठावीस वर्षं तो गावाला पाणी सोडत होता. विहीर पाच किलोमीटरवर, ओढ्याच्या काठी. रोज सायकलनं जायचं. दोन वर्षांपूर्वी गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यानं स्टार्टरला ऑटो स्विच बसवून घेतला. लाईन आली की मोटार आपोआप सुरू व्हायची. मे संपत आला होता, विहिरीत गुडघाभर पाणी आणि खाली नुसता गाळ. तीन दिवस नळ कोरडे होते. म्हणून आज गोपाळ गाळ काढायला उतरला होता. उतरताना त्यानं विचारलं होतं, "काका, बंद केलं न्हवं?" आणि सूर्यभान "केलं" म्हणाला होता. त्यानं लाल बटण दाबलं होतं. ऑटो स्विच तसाच चालू होता. मोटारीच्या केबलचा एक जोड पाण्यात होता. चिकटपट्टी गुंडाळलेला, त्यानंच गुंडाळलेला.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा पस्तीस झाले होते.

"रोहिणी, वायरमनला फोन लाव. सबस्टेशनला लाव. लाईन सोडू नका म्हणाव."

"गोपाळदादाला लावू का?"

"तिथं रेंज न्हाई. कुणाची गाडी हाय का गावात?"

"समदे लग्नाला गेलेत पालमला." तिनं फोन कानाला लावला होता. "वायरमन उचलंना, काका."

तोवर सूर्यभाननं सायकलवर टांग टाकली होती.

गावाबाहेर पडलं की डांबर संपायचं. पुढच्या रस्त्यावर महिन्यापूर्वी खडी टाकली होती, रोलर काही आला नव्हता. रोज तो कडेच्या मुरुमाच्या पट्टीवरून सावकाश जायचा. आज सायकल खडीतून मधूनच घातली. पुढचं चाक खडीत फसायचं, हँडल हिसका द्यायचं. ऊन डोक्यात शिरलं होतं. तोंडात धूळ होती, थुंकायला थुंकी नव्हती.

तो कान देऊन ऐकत होता. दोन्ही बाजूंच्या शेतांत मोटारी होत्या, सगळ्या याच लाईनीवरच्या. लाईन आली की त्याच आधी सांगणार. सगळीकडं शांत होतं. ती शांतता टिकावी एवढंच तो मनात म्हणत होता.

पुलाजवळ घर्रर्र आवाज आला. पाय थांबले. मग वळणावर ट्रॅक्टर दिसला, बांधापलीकडं नांगरत होता. ट्रॅक्टरवाल्यानं हात केला. सूर्यभाननं परत पायडल मारलं.

उतारावर त्यानं ब्रेक लावला नाही. लावायला हवा होता. मागचं चाक सरकलं आणि तो सायकलसकट खडीवर घासत गेला. उठला तेव्हा दोन्ही तळहात सोललेले, पायजमा गुडघ्यावर फाटलेला. पुढचं चाक वाकडं होऊन चिमट्याला घासत होतं. दोन हिसके देऊन पाहिलं, फिरेना. सायकल तिथंच टाकून तो पळायला लागला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पळणं तरी कसलं. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा.

विहिरीच्या काठावर झुंबरबाई पाठमोरी उभी होती. गोपाळची आई. गाळाची पाटी वर ओढत होती.

"झुंबरबाई! त्याला वर घ्या! वर घ्या!"

तिला ऐकू गेलं नसावं. तिनं पाटी उपडी केली आणि रिकामी पाटी परत खाली सोडली.

तो विहिरीकडं गेलाच नाही. काठावरच्या, स्टार्टर असलेल्या पत्र्याच्या खोलीचं दार लाथेनं उघडलं आणि मेन स्विचचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. दांड्याला रक्त लागलं. मग तो भिंतीला टेकून खालीच बसला.

किती वेळ गेला कळलं नाही. पार टेकाडापलीकडं एक मोटार सुरू झाली. मग ओढ्याच्या वरची. मग शेजारच्या शेतातली. एकामागून एक सगळं शिवार घरघरायला लागलं. फक्त पंचायतीची मोटार गप्प होती.

झुंबरबाई दारात आली. "काय झालं वो? आन् हाताला काय लागलं?"

सायकलवरून पडलो, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. गोपाळ खाली होता, त्याला काही कळलं नव्हतं. कळायचं कारणही नव्हतं.

"त्याला वर बोलवा," सूर्यभान म्हणाला. "दोघांनाबी सांगायचंय."

गोपाळ वर आला, कमरेपर्यंत चिखलानं माखलेला. सूर्यभाननं उभं राहून सांगितलं. बटण, ऑटो, केबलचा जोड, सगळं. आवाज मधे फाटला, तरी थांबला नाही.

गोपाळनं मान वळवली. शेजारच्या मोटारीकडं बघत राहिला.

"मी इचारलं होतं तुमाला," तो शेवटी म्हणाला.

"व्हय. इचारलं होतं."

झुंबरबाई पुढं झाली. तिनं लेकाच्या दंडाला धरलं ते सोडेना. मग सोडलं, घागरीतलं पाणी तांब्यात घेतलं आणि सूर्यभानच्या हातांवर धार धरली. त्याच्याकडं न बघता.

"उद्यापास्नं दुसरा माणूस ठेवा म्हणून सांगतो सरपंचाला," सूर्यभान म्हणाला.

"उद्याचं उद्या बघू. गावात पाणी न्हाई," गोपाळ म्हणाला. "हातभर गाळ राहिलाय."

तो पत्र्याच्या खोलीत गेला. तिन्ही फ्यूज उपसून काढले आणि चड्डीच्या खिशात घातले. मग काठावर आला, दोर कमरेला बांधला आणि दुसरं टोक सूर्यभानपुढं धरलं.

"धरताव का?"

सूर्यभाननं सोललेल्या हातांत दोर घेतला, पाय रोवले. गोपाळनं काठावरून खाली पाय सोडला आणि त्याचं सगळं वजन दोरावर आलं.